या चावीची नक्कल होत नाही

मी एका माहितीपत्रकाची डमी बोलतेय. छापखान्यातून चकचकीत पत्रकं बाहेर पडण्याआधी साध्या कागदाला घड्या घालून एक कच्चं पत्रक बनवतात. फोटो कुठे, मजकूर कुठे, कोणती बाजू आधी उघडणार, हे त्यावर ठरतं. तीच मी. लोक काय सांगायचं म्हणतात आणि शेवटी काय छापतात, हे दोन्ही माझ्या अंगावर घडतं. म्हणून माझा स्वभाव पहिल्यापासून संशयी. कोणी जास्त गोड बोललं, की माझ्या मनात पाल चुकचुकते.

मला बनवलं एका डिझायनर बाईंनी. तीन भागांत दुमडलं, आत जाणारी बाजू केसभर कापली, म्हणजे घडी चुरगळत नाही. मग पेन्सिलीने चौकटी आखल्या. गिऱ्हाईक होते दोन सख्खे भाऊ, कुलपं आणि तिजोऱ्या बनवणारे. वडिलांनी दुकान दोघांच्या हाती दिलेलं. लोकांच्या भीतीवर ज्यांचं पोट चालतं, ते स्वतः किती निर्धास्त असणार?

आधी थोरला आला, एकटा. "बाई, मुखपृष्ठावर माझाच फोटो घ्या. धाकट्याला आत कुठंतरी ढकला. पुढंमागं वेगळं व्हायचंच आहे."

दुसऱ्या दिवशी धाकटा आला, तोही एकटा. "दादाचं वय झालं आता. समोर माझा चेहरा हवा. आणि हे त्याला कळू देऊ नका हं."

मला काय ते कळलं. दुकान फुटायच्या बेतात होतं आणि त्यात ठोकायची पाचर म्हणजे मी! बाईंनाही कळलं असावं. त्यांनी मुखपृष्ठावरची चौकट रिकामी ठेवली आणि खाली फक्त एक ओळ लिहिली. तेवढ्या एका ओळीवर दोघांचं एकमत होतं: 'या चावीची नक्कल होत नाही.'

माझ्या आतल्या पानावर त्यांच्या नावाजलेल्या तिजोरीचा फोटो यायचा होता. दुकानातलीच तिजोरी, वडिलांनी बनवलेली. दोन चाव्या एकदम फिरवल्याशिवाय उघडत नाही. एक चावी थोरल्याकडे, एक धाकट्याकडे. फोटो उघड्या तिजोरीचा हवा, म्हणून बाईंनी दोघांनाही एकाच वेळी बोलावलं. चौकटीचं माप जुळवायला मलाही नेलं.

फोटोवाल्याने दिवे लावले. थोरल्याने खिसे चाचपले, पुन्हा चाचपले. "चावी घरी राहिली. तुझ्या वहिनीला फोन करतो."

"आणखी किती वेळ?" फोटोवाला वैतागला. "मला दुसरं काम आहे."

"थांबा, थांबा," म्हणत धाकट्याने घाईघाईत खिशातून दोन्ही चाव्या काढल्या, लावल्या, फिरवल्या. तिजोरी उघडली. आणि मग आपण काय करून बसलो ते त्याच्या लक्षात आलं.

मी बाईंच्या हातात होते. त्यांची बोटं माझ्यावर आवळली.

"माझ्या चावीची नक्कल?" थोरल्याचा आवाज चढला. "भावाच्या पाठीमागे तिजोरी उघडतोस? चोरासारखा?"

धाकटा मान खाली घालून उभा होता. नजर आत गेली आणि मान झटकन वर आली. तिजोरीत कागदपत्रं होती आणि फडक्यात गुंडाळलेलं वडिलांचं पहिलं कुलूप.

"दादा, हे कुलूप मी डावीकडे ठेवलं होतं. उजवीकडे कोणी सरकवलं?"

थोरल्याचे कान लाल झाले. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. तो स्टुलावर बसला.

"तू काही नेलंस का, ते बघायला उघडली होती. तुझ्या चावीची नक्कल मीही करून घेतलीय."

"मी पण त्याचसाठी उघडायचो रे."

"काही नेलंस?"

"नाही. तू?"

"मी कशाला नेऊ? वडिलांचं आहे."

आधी फोटोवाला हसला. मग धाकटा. थोरल्याने हसू दाबलं, पण पोट हलायला लागलं तशी पंचाईत झाली. हसता हसता त्याचे डोळे भरले. एवढी वर्षं दोघंही एकाच कुलपाची राखण करत होते, एकमेकांपासून!

बाईंनी मला टेबलावर पसरलं. "मग ह्या ओळीचं काय करायचं?"

"राहू दे की," धाकटा म्हणाला. "बाहेरच्या कोणाला जमणार आहे?"

"आपल्याला जमली ना? म्हणजे होते नक्कल. खोडा बाई." थोरल्याने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "आणि मुखपृष्ठावरची ती चौकट मोठी करा. दोघांना उभं राहायचंय."

आता पत्रकं दारोदार गेली आहेत आणि मी बाईंच्या खणात आहे, खोडलेल्या ओळीसकट. तुमच्याकडे एखादं चकचकीत पत्रक आलं, तर त्याच्या डमीवर काय काय खोडलं असेल, एवढा विचार जरूर करा. संशय वाईट नाही, मी त्यावरच वाढले.

पण छपाईआधीची मंजुरी घ्यायची होती, तेव्हाचं सांगून निरोप घेते. धाकट्याने मला दोनदा वाचलं आणि सही केली. बाईंनी पेन थोरल्यापुढे धरलं. "तुम्हीही एकदा वाचून घ्या."

"त्यानं वाचलंय ना? मग झालं."

त्याने सही ठोकली. त्यातही कुठे पाणी मुरतंय का, ते मी पुष्कळ शोधलं. सापडलं नाही.