बादलीत ऐकलेलं गाणं

शैलाताई उकिडवे पोहायला शिकल्या त्या वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी, आणि तेही कोलकात्यात. यजमानांची, हेमंतरावांची, बँकेतली शेवटची बदली इथे झाली, बेहालाला फ्लॅट मिळाला आणि नाशिकला नुसते कुरकुरणारे शैलाताईंचे गुडघे इथे आल्यावर चांगलेच भांडायला लागले. डॉक्टर म्हणाले, "चालणं कमी करा, पोहा." घराजवळच एका क्लबचा तलाव होता. तिथे सकाळी बायकांची बॅच असायची. पहिले काही दिवस शैलाताई नुसत्या कठड्याला धरून पाय हलवत राहिल्या. मग एकदा हात सुटला, आणि आपण बुडत नाही हे पाहून त्यांना इतकं हसू आलं की नाकातोंडात पाणी गेलं.

अडचण होती ती मधल्या दोराची. तलावाच्या मधोमध एक लाल-पांढरा दोर बांधलेला होता. त्याच्या अलीकडे पाय टेकत, पलीकडे टेकत नसत. दोरापर्यंत शैलाताई छान पोहत जायच्या. तिथे पोचलं की डोक्यात सुरू व्हायचं: खाली किती पाणी असेल? श्वास चुकला तर? गॅस बंद केला होता ना? आणि हात आपोआप दोराला चिकटायचा. काठावरून रजनीदी, म्हणजे शिकवणाऱ्या बाई, ओरडायच्या, "दोर सोडा! तो कुठे पळून जात नाही!"

एका सकाळी शेजारून गौरी सेन पोहत होती. ती त्यांच्याच इमारतीत राहायची आणि तिला पोहताना गुणगुणायची सवय होती. डोकं वर आलं की सूर, खाली गेलं की बुडबुडे. तिची पुढची ओळ काय असेल याची वाट बघत शैलाताई हात मारत राहिल्या. सहज मान वळवली, तर दोर मागे राहिलेला! त्या घाबरून तशाच उलट्या फिरल्या, पण दिवसभर तेच डोक्यात घोळत होतं.

"गाणं कानावर असलं की मला पाण्याची भीतीच वाटत नाही," रात्री जेवताना त्या म्हणाल्या. "पण गौरीला रोज माझ्या कानाशी गायला कसं सांगू? अहो, पाण्यात वाजणारं काही मिळतं का?"

हेमंतरावांचा घास हातातच राहिला. वस्तू निवडणं हा त्यांचा आवडता खेळ. घरात मिक्सर आणायचा तर ते आठवडेच्या आठवडे त्याचा अभ्यास करत, आणि तोवर शैलाताई पाट्यावर चटणी वाटत. गाण्याची तर त्यांना जुनी आवड.

"मिळतं! म्हणजे मिळत असणारच," ते म्हणाले. "फक्त ब्लूटूथ नको. पाण्याखाली त्याचा सिग्नल पोचत नाही. गाणी प्लेअरच्या आतच साठवलेली पाहिजेत."

बंगळुरूहून मुग्धाचा, त्यांच्या लेकीचा, फोन आला तेव्हा ती म्हणाली, "आई, ऑनलाइन मागव ना, उद्या घरी येईल."

"चपला मागवल्या होत्यास तशा? त्या अजून वॉचमनची बायको घालते," शैलाताई म्हणाल्या. "डोक्यावर चढवायची वस्तू मी डोक्यावर चढवूनच घेणार."

शनिवारी दोघं बस पकडून चांदनी मार्केटला गेली. गल्लीभर चार्जर, वायरी, स्पीकर लटकलेले, आणि प्रत्येक दुकानातून वेगळं गाणं. तन्मयबाबूंचं दुकान गौरीनेच सुचवलं होतं. गोल चेहऱ्याचे, गोड बोलणारे गृहस्थ. "या बौदी, बसा," म्हणून त्यांनी शैलाताईंना वहिनींचा मान दिला आणि एकुलतं एक स्टूल पुढे केलं.

त्यांनी तीन प्लेअर काउंटरवर ठेवले. पहिला काळा, जड, छोट्या पडद्याचा. हेमंतरावांनी त्याचे इअरफोन कानात घातले मात्र, त्यांचे डोळेच मिटले.

"शैला, ऐक! तबल्यावर बोट घासल्याचासुद्धा आवाज येतोय!"

"हा पाण्यात चालतो?"

"पाण्यात नाही," तन्मयबाबू म्हणाले.

"प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून..." हेमंतरावांनी सुरुवात केली.

"मग तुम्ही पिशवीत बसून ऐका," शैलाताई म्हणाल्या आणि दुसरा उचलला. तो कानात बुचासारखा घट्ट बसणारा होता. पाणी आत जायचा प्रश्नच नव्हता. त्यांनी तो घातला, गाणं लावलं आणि मान डोलवू लागल्या. हेमंतराव समोर उभे राहून काहीतरी बोलत होते. त्यांचे ओठ हलताना दिसत होते, शब्द एकही येत नव्हता. शैलाताईंनी तो काढला.

"काय म्हणत होतात?"

"तुझी पर्स स्टुलावरून खाली पडली म्हणून कधीपासून सांगतोय!"

"घरात वापरायला उत्तम आहे," शैलाताई हसून म्हणाल्या. "पण तलावात नको. रजनीदी खोल पाण्यात काही ओरडून सांगतील आणि मी आपली गाण्यात."

राहिला तिसरा. तो नुसता एक निळा पट्टा होता. मानेमागून यायचा आणि त्याची दोन टोकं कानांच्या पुढे, गालाच्या हाडावर टेकायची. कान मोकळेच. "आवाज हाडांतून जातो," तन्मयबाबूंनी सांगितलं. हेमंतरावांनी लावून पाहिला आणि लगेच उतरवला.

"छे! शेजारच्यांच्या स्वयंपाकघरातला रेडिओ ऐकल्यासारखं वाटतं."

शैलाताईंनाही तसंच वाटलं. पण त्या पट्टा हातात घेऊन विचारात पडल्या. "हा पाण्यासाठी बनवलाय ना? मग आपण तो कोरड्यात का ऐकतोय? दादा, बादली मिळेल?"

तन्मयबाबूंनी विचारलं, "कशाला?"

"डोकं घालायला."

"शैला, हे दुकान आहे," हेमंतराव हळूच म्हणाले.

पण तन्मयबाबूंचा चेहरा खुलला होता. इतकी वर्षं आपण हे विकतोय, पण पाण्यात वाजताना कधी बघितलंच नाही, असं म्हणत ते स्वतःच उठले आणि समोरच्या चहावाल्याकडून स्वच्छ पाण्याची भरलेली बादली घेऊन आले. ती दुकानापुढे स्टुलावर ठेवली. शैलाताईंनी चष्मा हेमंतरावांच्या हातात दिला, ओढणी कमरेला खोचली, पट्टा चढवला आणि मोठा श्वास घेऊन डोकं बादलीत घातलं.

पाण्यात कान बुडाले आणि गल्लीतला सगळा गोंगाट एकदम दूर गेला. मघाचा तो किरकिरा आवाज आता भरून आला. गाणारी बाई जणू त्यांच्याच कपाळात बसून गात होती. शैलाताईंनी डोळे मिटले. कडवं संपायच्या आत वर यायचं त्यांच्या मनातच येईना.

बाहेर माणसं जमली होती. "काय झालं? चक्कर आली का?" कुणीतरी विचारलं. हेमंतरावांनी घाबरून ओढणी धरून ओढली.

शैलाताई पाणी गाळत वर आल्या. "अहो, कडवं तरी संपू दे की!"

गल्लीत हशा पिकला. चहावाल्याने टाळ्या वाजवल्या.

हेमंतराव अवघडून उभे होते. एकदा त्यांनी गर्दीकडे पाहिलं, एकदा बादलीकडे. मग बँकेचे चीफ मॅनेजर उकिडवे यांनी दोन्ही चष्मे तन्मयबाबूंच्या हातात सोपवले, आपल्या टकलावरून पट्टा चढवला आणि वाकले. ते वर आले तेव्हा भुवयांवरून पाणी ओघळत होतं आणि चेहऱ्यावर पोरासारखा आनंद.

"शैला," ते म्हणाले, "तानपुरा स्वच्छ ऐकू येतो!"

तिसरा प्लेअर ठरला.

गाणी भरायचं काम अर्थातच हेमंतरावांनी घेतलं, आणि तिथेच घोटाळा झाला. त्यांनी आपल्या आवडीचे संथ ख्याल भरले. सोमवारी शैलाताई त्या लयीत हात मारायला लागल्या. एक हात समेवर, दुसरा केव्हातरी. पाय बुडायला लागले. "काय झालं, झोपलात का?" रजनीदींनी विचारलं. मोकळ्या कानांमुळे ते मात्र नीट ऐकू आलं.

त्या संध्याकाळी दोघांनी दिवाणखान्यातलं टीपॉय बाजूला सरकवलं. हेमंतराव लॅपटॉपवर एकेक गाणं लावत आणि शैलाताई मधोमध उभ्या राहून वाकून हात फिरवत. भावगीताला हात अर्ध्यावरच थबकले. लावणीला इतके भराभर फिरले की फुलदाणी आडवी झाली. शेवटी एक कोळीगीत लागलं आणि हात, श्वास, मान, सगळं एका तालात आलं. "हेच!" दोघं एकदम ओरडली. तसलीच आणखी शोधता शोधता कुकरच्या शिट्ट्यांकडे कुणाचं लक्ष राहिलं नाही, आणि रात्री दोघांनी करपलेली खिचडी मजेत खाल्ली.

दुसऱ्या दिवशी शैलाताई पाण्यात उतरल्या. पट्टा चढवला, बटण दाबलं. दोर जवळ आला. खाली निळं पाणी काळपट व्हायला लागलं तसा एक हात दोराकडे वळला, पण गाण्यात तेव्हाच कोरस सुरू झाला आणि हाताला थांबायची सवड मिळाली नाही. एक हात, दुसरा हात, मान बाजूला, श्वास. बोटं कशाला तरी आपटली. दुखलंही. समोर पलीकडच्या काठाची फरशी होती.

त्या काठाला लोंबकळत धापा टाकत हसत राहिल्या. रजनीदींनी लांबलचक शिट्टी मारली. गौरी मागून पोहत आली आणि ओल्या गालानेच त्यांना बिलगली. "आता मला दे बरं, काय ऐकतेस ते बघू," म्हणत तिने पट्टा काढून घेतला. शब्द एकही कळत नसताना ती दोन वेळा तलाव पार करून आली आणि तिने विचारलं, "यात गाणारे कशाबद्दल इतके खूश आहेत?"

शैलाताई घरी पोचल्या तेव्हा हेमंतराव दारातच उभे होते. "झालं?"

"झालं! आणि परतसुद्धा पोहत आले!"

हेमंतरावांनी त्यांना आत नेऊन बसवलं, स्वतः चहा टाकला. कप हातात देताना जरा घुटमळले.

"तुमच्या क्लबात पुरुषांची बॅच कधी असते गं?"

शैलाताईंनी कप खाली ठेवला. गेली तीस-पस्तीस वर्षं हा माणूस समुद्रावर गेला तरी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून वाळूतच उभा राहायचा.

"तुम्ही? पाण्यात?"

"नुसता उथळ भागात," हेमंतराव घाईने म्हणाले. "कठड्याला धरून. बादलीत एक पूर्ण राग ऐकता येत नाही गं, मान अवघडते."

पुढच्या रविवारी रजनीदींचे यजमान पुरुषांच्या बॅचला शिकवत होते. कठड्याच्या एका टोकाला सहा-सात वर्षांच्या मुलांच्या रांगेत हेमंतराव उभे होते, अंगात कडक इस्त्रीची नवी चड्डी आणि डोक्याला तोच निळा पट्टा. शैलाताई काठावरच्या बाकावर बसून भेळ खात होत्या. शिट्टी झाली, मुलांनी डोकी पाण्यात घातली आणि लगेच वर काढली. हेमंतरावांचं डोकं मात्र खालीच राहिलं. शिकवणारे काळजीने पुढे झाले.

"राहू दे, राहू दे," शैलाताईंनी बाकावरून ओरडून सांगितलं. "कडवं संपलं की येतील वर!"