परतीचं पान

"जगाचा इतिहास तलवारींनी नाही, मुक्कामांच्या याद्यांनी घडवलाय," तक्तेमास्तरांनी जाहीर केलं. "सैन्यं, व्यापारी, यात्रेकरू, सगळे यादी घेऊनच निघाले. कुठे पाणी, कुठे निवारा, पुढचं गाव किती कोस..."

"दूध उतू जातंय," बायको पलंगावरून म्हणाली.

इतिहास तिथेच टाकून मास्तर स्वयंपाकघरात धावले.

प्रवास कंपनीत एकतीस वर्षं मास्तरांनी लोकांचे दौरे आखले. कितीला उठायचं, कुठल्या किल्ल्यासमोर किती मिनिटं थक्क व्हायचं, सगळं तक्त्यात. स्वतः मात्र घर ते कचेरी यापलीकडे गेले नाहीत. "निवृत्त झालो की जाऊ," असं बायकोला सांगत राहिले. ते निवृत्त झाले आणि तिने अंथरूण धरलं. डॉक्टर म्हणाले, फार तर पंधरवडा.

मास्तरांनी कागद घेतला आणि पंधरा दिवसांचा दौरा आखला. रोज नऊच्या ठोक्याला त्या दिवसाचं पान पलंगाशेजारी वाचायचे. नदीतल्या बोटीच्या दिवशी पंखा पाचावर, वाळवंटाच्या दिवशी बंद. "बोट लागली हो मला," म्हणत ती हसायची. ‘मोकळा वेळ’ आला की दोघं गप्प बसायची.

पंधरवडा उलटला. ती होती. मास्तरांनी हर्षभराने सोळावं पान लिहिलं, मग सतरावं. एकविसाव्या दिवशी बर्फाचा डोंगर आला. लोकरी मोजे सक्तीचे. मोजे चढवताना ती कण्हली. आता नुसता स्पर्शही तिला सोसत नव्हता.

"अहो, परतीचं पान कुठंय?"

"लिहायचंय अजून."

"एकतीस वर्षांत कुणाला परतीशिवाय धाडलंत का?"

मास्तर पेन्सिलीला टोक काढू लागले. टोक होतंच.

"दमले हो मी. तुम्ही असे मुक्काम वाढवत राहिलात तर माझा पाय निघायचा कसा?"

"अगं, पण समुद्र राहिलाय."

"तो तुम्ही बघा. लिहा."

मास्तरांनी लिहायला घेतलं. ‘प्रवासी : दोन’, हात सवयीने लिहून गेला. तिने त्या शब्दावर बोट ठेवलं.

"मी इथेच उतरणार. परतीला तुम्ही एकटे."

खोडरबर समोरच होता; मास्तरांना तो बराच वेळ दिसला नाही. दिसला तेव्हा त्यांनी इतकं खोडलं की कागदाला भोक पडलं. भोकाशेजारी त्यांनी ‘एक’ लिहिलं.

"वाचा ना."

"परतीचा प्रवास. प्रवासी..." मास्तरांचं बोट भोकापाशी अडलं.

तिने त्यांचा हात थोपटला. "झकास आखलात हो दौरा. एकदाही उशीर झाला नाही." मग डोळे मिटून म्हणाली, "आता तेवढे मोजे काढा. पायांना घाम आलाय."