गच्चीवाल्यांचा रेनसूट

गच्चीवाल्यांना गच्चीवाले म्हणत ते त्यांच्या धंद्यामुळे. गळक्या गच्च्या, झिरपणाऱ्या टाक्या, ओल धरलेल्या भिंती, असल्या दुखण्यांवर ते गेली अठ्ठावीस वर्षं इलाज करत होते, आणि आपण बंद केलेली गळती पुन्हा उघडत नाही असा त्यांचा दावा होता. दावा खरा होता, हीच पंचाईत. अशा माणसाला कुणी शहाणपण शिकवायला जात नाही आणि मग तो गच्चीवरून रेनसूटच्या पाटलोणीपर्यंत घसरतो.

झालं होतं असं. त्यांच्या गोल्फ क्लबात वर्षातून एकदा जोड्यांची स्पर्धा व्हायची. दोघांत मिळून एक चेंडू, फटके आलटून पालटून मारायचे, आणि जोडीतला एक जण उठून गेला की जोडी बाद. तारीख ठरलेली आणि ती नेमकी पावसाळी दिवसांत. वीज कडाडली तरच खेळ थांबणार, नुसत्या पावसाला कुणी भीक घालत नसे. गेल्या वर्षी गच्चीवाले आणि त्यांची बायको आघाडीवर होते. अठरापैकी चौदाव्या होलवर गच्चीवाल्यांच्या जुन्या रेनकोटाने सगळ्या शिवणींतून माघार घेतली, पाणी मानेवरून थेट कमरेत उतरलं, आणि "मला नाही जमत" एवढं बोलून त्यांनी गाडीकडे काढता पाय घेतला.

बायको भूलतज्ज्ञ. क्लबात त्यांना डॉक्टरबाई म्हणत. आवाज न चढवता समोरच्याला गप्प करणं हे त्यांचं रोजचंच काम होतं, त्यामुळे घरी आल्यावर भांडण असं झालंच नाही. वर्षभर त्या विषयावर अवाक्षर नाही. यंदाचे अर्ज निघाले त्या दिवशी भाजी चिरता चिरता त्या म्हणाल्या, "पावसात जमणार नसेल तर आत्ताच सांगा. मी धाकट्याला विचारते."

धाकटा म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ, अर्थात गच्चीवाल्यांचा मेहुणा. सहा फूट उंच, कायम इस्त्रीतला, आणि कुठल्याही कामाला एका पायावर तयार. रविवारी एकत्र गोल्फ खेळायचे ते चार तास सोडले तर या दोघा नवराबायकोंचा फोन एकाच वेळी बंद असा कधी नसायचाच. तिकडे कुणाचं ऑपरेशन, इकडे कुणाचं छत. ते चार तास मेहुण्याच्या घशात जाऊ द्यायची गच्चीवाल्यांची अजिबात तयारी नव्हती.

"जमणार," ते म्हणाले. "न जमायला काय झालं?"

दुसऱ्याच दिवशी ते खेळाच्या सामानाच्या दुकानात गेले. तिथली विक्रेती चुणचुणीत होती. तिने तीन रेनसूट काउंटरवर अंथरले आणि समजावायला सुरुवात केली. गोल्फचा रेनसूट साध्या रेनकोटासारखा नसतो. हात डोक्यामागे नेता आला पाहिजे, कापड वाजता कामा नये, शिवणींना आतून पट्टी हवी, आणि मुख्य म्हणजे कोटाने श्वास घेतला पाहिजे.

"कोटाने?" गच्चीवाल्यांनी विचारलं.

"हो. बाहेरचं पाणी आत येत नाही, पण आतला घाम वाफ होऊन बाहेर जातो."

"म्हणजे भोकं आहेत."

"अगदी बारीक. पाण्याचा थेंब त्यातून जात नाही."

"ताई, मी अठ्ठावीस वर्षं गच्च्या करतोय. जिथून वाफ जाते तिथून एक ना एक दिवस पाणी येतं."

विक्रेती हसली. रोज असे चार भेटत असणार. तिने त्यांना त्यातल्या त्यात न वाजणारा, गडद निळा सूट घालायला दिला आणि फटका मारल्यासारखे हात फिरवायला सांगितलं. गच्चीवाल्यांनी असे काही हात फिरवले की मागची टोप्यांची मांडणी आडवी झाली, पण सूट कुठे ओढला गेला नाही. टोप्या गोळा करता करता तिने शेवटची सूचना दिली. वरचा थर वापराने झिजतो. मग सूट साध्या साबणात धुवायचा, कपडे मऊ करायचं औषध चुकूनही घालायचं नाही, जलरोधक फवारा मारायचा आणि हलक्या उष्णतेवर वाळवायचा. की पाणी पुन्हा मोत्यासारखं ओघळून जातं.

यातलं गच्चीवाल्यांनी एकच वाक्य घरी आणलं. थर झिजतो. जो थर झिजणार हे विकणाराच सांगतोय, त्याच्या भरवशावर संसार सोडायचा?

त्यांच्या गोदामात गच्चीला लावायच्या लेपाचे डबे होते. पांढरा, रबरासारखा ताणला जाणारा, दहा वर्षं हू की चू न करणारा. शनिवारी डॉक्टरबाई इस्पितळात गेल्यावर त्यांनी बाल्कनीत सूट ताणून बांधला आणि रीतसर काम काढलं. आधी प्रायमर. मग शिवणींवर, विशेषतः काखेत, फायबरच्या जाळीची पट्टी, कारण गळती नेहमी सांध्यात होते. मग लेपाचे तीन हात, एक उभा, एक आडवा आणि पुन्हा एक उभा. निळा सूट पांढरा झाला. छान झाला. त्यांनी चार पावलं मागे जाऊन तो पाहिला आणि स्वतःशीच मान डोलावली.

पण चाचणी घेतल्याशिवाय काम ताब्यात द्यायचं नाही, हा त्यांचा नियम. गच्ची झाली की तिच्यावर अठ्ठेचाळीस तास पाणी तुंबवून ठेवायचं आणि पातळी उतरते का बघायची. वाळल्यावर त्यांनी पाटलोणीचे पाय घोट्याशी सुतळीने करकचून बांधले, कमरेपर्यंत पाणी भरलं, पातळीशी खूण केली आणि ती खुर्चीत बसवून दिली. इस्पितळातून दमून आलेल्या डॉक्टरबाईंना बाल्कनीत एक गुबगुबीत, कमरेच्या वर काहीच नसलेला पाहुणा पायावर पाय टाकून बसलेला दिसला.

"हे कोण?"

"चाचणी चाललीय. हात लावू नकोस."

दोन दिवसांनी पाणी एक बोटभरही उतरलं नव्हतं. गच्चीवाल्यांनी बायकोला हाताला धरून ती खूण दाखवली. डॉक्टरबाईंनी पाटलोणीकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, आणि म्हणाल्या, "यात तुम्हाला वाकता येणार आहे ना?"

"पाणी येणार नाही," गच्चीवाले म्हणाले. प्रश्नाचं उत्तर ते नव्हतं, पण त्या वेळी त्यांना ते तसंच वाटलं.

स्पर्धेच्या दिवशी पावसाने सकाळपासूनच हजेरी लावली. त्यांच्याबरोबर खेळायला नशिबाने नेमका मेहुणा आला, ऑफिसातल्या एका सहकाऱ्याला जोडीदार करून. गच्चीवाले गाडीतून उतरले, म्हणजे आधी पाय, मग पोट, मग बाकीचे असे हप्त्याहप्त्याने उतरले. मेहुण्याने त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"भावोजी, नळ कुठेय?"

"काय?"

"टाकीला नळ लागतो ना."

गच्चीवाल्यांनी लक्ष दिलं नाही. पाऊस अंगावरून सरसर घसरत होता आणि एक थेंब आत येत नव्हता. पहिल्या होलवर ते मनातून इतके खूश होते की फटका पन्नास पावलांवर पडला त्याचंही त्यांना काही वाटलं नाही. हात खांद्याच्या वर जात नव्हता. काखेतली जाळी आपलं काम चोख करत होती.

मग आवाजाचा प्रश्न उपटला. लेप लावलेलं कापड हललं की कर्रकर्र वाजायचं. सहकारी ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर, वाकून नेम धरायचा, गच्चीवाले वजन या पायावरून त्या पायावर टाकायचे, कर्र, आणि चेंडू होलच्या बाजूने निघून जायचा. तिसऱ्यांदा असं झाल्यावर सहकाऱ्याने हात जोडून विनंती केली. त्यानंतर दुसऱ्या कुणाचा फटका असला की गच्चीवाले खांबासारखे उभे राहू लागले. श्वाससुद्धा बेताने घेत होते.

पण घाम काही बेताने येत नव्हता. सहाव्या होलपर्यंत आत नुसती भट्टी पेटली होती. सहकारी भला माणूस, काळजीने म्हणाला, "तुमच्या बाहीतून पाणी गळतंय."

अठ्ठावीस वर्षांत हे वाक्य गच्चीवाल्यांना कुणी ऐकवलं नव्हतं.

"ही गळती नाही," ते म्हणाले. "हे आतलंच आहे."

"आतलं म्हणजे?"

"माझं."

पुढे कॉलरमधून पाऊसही आत शिरला, कारण कोटाला मान हे एक मोठं भोक असतं आणि त्यावर लेप लावता येत नाही. घाम आणि पाऊस एकत्र खाली उतरले आणि घोट्याशी अडले, कारण पाय चिखलात भरू नयेत म्हणून गच्चीवाल्यांनी तिथे परत सुतळी बांधली होती. अकराव्या होलला पाणी गुडघ्याच्या वर आलं. चालताना आत डुचमळायचं. पातळी मात्र जराही उतरत नव्हती, कामात कसूर म्हणून नव्हती.

गुण पार गडगडले होते. डॉक्टरबाई लांब फटका मारत, गच्चीवाले तो जेमतेम पुढे ढकलत. मेहुणा एकदा बहिणीच्या कानाशी लागून म्हणाला, "ताई, पुढच्या वर्षी माझ्याबरोबर खेळ. हे काही खरं नाही." हळू बोलल्याचा त्याचा समज होता. गच्चीवाल्यांनी सगळं ऐकलं आणि काही झालं तरी आज अठरा होल पुरे करायचेच असा मनाशी निश्चय केला.

चौदाव्या होलवर चेंडू उंच गवतात गेला. फटका गच्चीवाल्यांचा होता. त्यांनी हात उचलला, हात खांद्याशी थांबला, डोळ्यांपुढे काजवे चमकले. डॉक्टरबाई जवळ आल्या, त्यांचं मनगट धरून घड्याळाकडे बघत राहिल्या.

"कोट काढा."

"काढला तर भिजेन."

"आत्ता काय आहात?"

"मी जाणार नाहीये," गच्चीवाले घाईघाईने म्हणाले. "गेल्या वर्षीसारखा नाही जाणार. शेवटपर्यंत खेळणार. म्हणून तर हे एवढं केलं. पाणी आत आलं म्हणून मी गेलो होतो, माझ्यामुळे तुझा कप गेला, मला कळतं ते."

डॉक्टरबाईंनी मनगट सोडलं नाही. "कपाचं कोण बोलतंय?"

"मग?"

"त्या दिवशी आपली एकच छत्री होती. तुम्ही निघालात ते छत्री घेऊन निघालात. मी इथून गाडीपर्यंत भिजत आले. तुम्ही आत हीटर लावून बसला होतात. मला बघून काय म्हणालात, आठवतंय?"

गच्चीवाल्यांना आठवत नव्हतं. मग आठवलं.

"सीटवर टॉवेल टाक," ते म्हणाले.

"हं."

छताला डाग पडला की लोक डागाखाली उभं राहून इथेच गळतंय म्हणतात, आणि गच्चीवाले त्यांना हसतात, कारण डाग एकीकडे असतो आणि गळती भलतीकडे. आज त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की पावसाचं भान राहिलं नाही. "चुकलं माझं," ते म्हणाले. सव्वीस वर्षांच्या संसारात हे शब्द त्यांनी किती वेळा उच्चारले होते ते सांगत नाही, पण डॉक्टरबाईंनी चमकून वर पाहिलं.

गच्चीवाल्यांनी कोट काढला. जमिनीवर टाकला तर तो पडेना, हात पसरून उभाच राहिला. मग खाली बसून घोट्याची सुतळी सोडली आणि दोन्ही पायांतून जो लोंढा वाहिला तो पाहून सहकारी दोन पावलं मागे सरला. पाटलोणही उतरवून नुसत्या शर्टात आणि आतल्या अर्ध्या चड्डीत गच्चीवाल्यांनी हात पार डोक्यामागे नेला आणि चेंडू गवतातून थेट ग्रीनवर घातला.

उरलेले होल त्यांनी बायकोच्या डोक्यावर छत्री धरून चालण्यात घालवले. फटका मारणाऱ्याच्या डोक्यावर जोडीदाराने छत्री धरलेली नियमात बसत नाही, म्हणून त्या फटक्याला उभ्या राहिल्या की ते छत्री बाजूला न्यायचे आणि चेंडू सुटला रे सुटला की पुन्हा धावत यायचे. खेळ सुधारला, पण एव्हाना उशीर झाला होता. मेहुण्याने कप जिंकला. गच्चीवाले आणि डॉक्टरबाई शेवटून पहिले आले.

क्लबात पुढच्या वर्षीच्या जोड्यांची नोंद तिथल्या तिथेच व्हायची. डॉक्टरबाई टेबलाशी गेल्या. मेहुणा काखेत कप घेऊन आधीच तिथे उभा होता. गच्चीवाले अंगाला टॉवेल गुंडाळून दाराशी थांबले, फरशी ओली होईल म्हणून नव्हे, पुढे जायचा धीर होत नव्हता म्हणून.

डॉक्टरबाईंनी स्वतःचं नाव लिहिलं आणि मागे वळून त्यांच्याकडे पाहिलं.

"पावसात जमेल?"

गच्चीवाल्यांचे दात वाजत होते. खोटं बोलायलाही तोंड स्थिर लागतं.

"नाही जमणार," ते म्हणाले. "पण मी तुला सोडून जाणार नाही."

डॉक्टरबाई पुन्हा कागदावर वाकल्या, आणि मेहुणा कप घेऊन बाजूला झाला.