सीतादह्याचा कापूस

हायाशी ओसाकाहून निघाले त्याला त्या दिवशी एकोणचाळीस दिवस झाले होते. शेगाव स्टेशनवर उतरल्याबरोबर त्यांनी मला हे सांगितलं आणि मग म्हणाले, "त्यातले बारा दिवस वऱ्हाडात गेले. सहा ठिकाणं पाहिली. सहाही ठिकाणी कापूस ओला." आमचं बोलणं इंग्रजीत होतं. ते माझ्यापेक्षा सावकाश बोलत, पण चुका माझ्यापेक्षा कमी करत.

ते एका सूतगिरणीचे खरेदीदार. आदल्या वर्षी त्यांच्याकडे पोचलेल्या गाठी फोडल्या, तर मधोमध काळी बुरशी. वजन वाढावं म्हणून कुणीतरी कापसावर पाणी मारलं होतं. कुणी, ते अडत्यांच्या साखळीत शेवटपर्यंत कळलं नाही. म्हणून यंदा ते स्वतः आले होते. माल बघायचा आणि माल देणारा माणूसही बघायचा. मुंबईत त्यांना माझं पत्र मिळालं आणि त्यांच्या यादीत आमचं वरवट बकाल सातवं गाव झालं.

नागपूरला रसायनशास्त्र घेऊन मी बी. एस्सी. झालो आणि गावी आलो, त्याला दीड वर्ष झालं होतं. एवढ्या काळात मी एकच काम केलं होतं. अकरा घरांना मिसळीचं बी सोडायला लावून लांब धाग्याचं, एकाच जातीचं व्हेरम पेरायला लावलं. वावरात दुसऱ्या जातीचं झाड दिसलं की उपटायचं, हीही अट घातली. त्या घरांपैकी तानुकाकूंचं वावर चार एकरांचं, घरात दुसरं कुणी नाही. त्यांनी फुलावर आलेली झाडं उपटली तेव्हा शेजारचे हसले. "शुद्ध कापूस मागत कुणीतरी येईलच," असं मी त्यांना सांगितलं होतं. बाजारात मात्र शुद्ध आणि मिसळीचा, दोन्हींना भाव एकच. हायाशी परत गेले असते तर पुढच्या वर्षी माझं कुणी ऐकलं नसतं, आणि तानुकाकूंचं दार चुकवून जायला मला दुसरी वाट शोधावी लागली असती.

भाड्याच्या मोटारीने आम्ही गावात पोचलो तेव्हा गावातले वामनकाका आपल्या ओसरीवर बसायला घोंगडी अंथरत होते. दहा घरांचा कापूस त्यांच्याच कोठ्यात ठेवला होता, प्रत्येकाचा ढीग वेगळा; तानुकाकूंचा तेवढा यायचा होता.

"या साहेब, बसा," ते मराठीतच म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "काय बे शेषराव, हा तिखट खाते का नाही खात?"

"आधी कापूस पाहीन म्हणते," मी म्हणालो.

तेवढ्यात तानुकाकू आल्या. डोक्यावर कोरी टोपली, वर धुतलेलं फडकं. टोपली त्यांनी हायाशींच्या पुढ्यात ठेवली आणि पदर सावरून बाजूला उभ्या राहिल्या. हायाशींनी पिशवीतून काळ्या मखमलीची पाटी काढली. तिच्यावर धागे पसरून ते लांबी मोजत. मग त्यांनी टोपलीत मनगटापर्यंत हात घातला.

हात आतच थांबला. त्यांनी मूठभर कापूस बाहेर काढला, दाबला, नाकाशी नेला. मग तो होता तसा टोपलीत ठेवून पाटी पिशवीत घातली.

"आभारी आहे," ते मला म्हणाले. "संध्याकाळची गाडी मिळेल ना?"

मी टोपलीत हात घातला. कापूस ओला होता, आणि त्याला आंबूस वास होता.

"काय झालं बे? काऊन उठला हा?" वामनकाकांनी विचारलं.

"कापूस ओला आहे."

"ओला? माया कोठ्यातला?"

"काकू," मी तानुकाकूंना विचारलं, आणि माझा आवाज मला नको होता तेवढा चढला, "पानी मारलं का तुमी याच्यावर?"

"पानी?" त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "पानी काऊन मारीन मी? दही आहे ते. सकाळी सीतादही केलं ना वावरात."

मला हे आधी सुचायला हवं होतं. आमच्याकडे वेचणी सुरू करायच्या दिवशी बायका वावराच्या कोपऱ्यात खडे धुऊन मांडतात, दहीभात ठेवतात, आणि पहिल्या वेचलेल्या कापसावर दही शिंपडतात. तानुकाकूंचं वावर उशिरा फुटलं होतं. त्यांची वेचणी त्याच सकाळी सुरू झाली, आणि मी गाडीच्या वेळा बघत बसलो होतो.

मी हायाशींना हे सगळं सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं.

"दुसऱ्या ठिकाणी पाऊस म्हणाले," ते म्हणाले. "एका ठिकाणी दव. इथे दही."

त्यांच्या आवाजात राग नव्हता, म्हणूनच मला जास्त भीती वाटली. मी म्हणालो, "माझ्यावर विश्वास ठेवू नका. दहाही ढिगांत तुम्हाला हवा तिथे हात घाला. खालून, मधून, भिंतीकडून. तो कापूस तोलू, वाळवू, परत तोलू. मग गाडीला जा."

त्यांनी घड्याळ पाहिलं आणि कोट काढला.

कोठ्यात ते पाऊण तास होते. ढिगांवर चढले, बुडापर्यंत हात घातला, केसांत कापूस घेऊन बाहेर आले. वामनकाका हळूच म्हणाले, "खरा गिऱ्हाईक आहे बे. लग्नाची पोरगी एवढी पाहत नाई कोनी."

सोनाराकडून मी तराजू आणला. हायाशींनी ढिगांतून काढून आणलेल्या कापसातली सरकी काढून दोन तोळे रुई तोलली, म्हणजे एकशे ब्याण्णव गुंजा. ती तांब्याच्या डब्यात घातली आणि डबा तव्यावरच्या गरम वाळूत रोवला. दुसऱ्या डब्यात टोपलीतल्या कापसाची रुई, तीही दोन तोळे. कॉलेजातून आणलेला थर्मामीटर माझ्याकडे होता. एकशे पाच अंशांच्या वर पारा गेला की मी लाकूड मागे ओढायचो, खाली आला की पुढे सारायचो. पाऊण तासाने तोललं, अर्ध्या तासाने परत तोललं. दोन वजनं सारखी येईपर्यंत थांबायचं असतं.

या वेळात हायाशी चुलीजवळ पाटावर बसून होते. त्यांनी तानुकाकूंकडे बोट दाखवून मला विचारलं, "दह्यामुळे कापसाचं वजन वाढतं. विकताना ते वजन कुणाचं?"

मी काकूंना विचारलं.

"इकताना?" त्या म्हणाल्या. "सीतादह्याचा कापूस कोनी इकते का? त्याच्या वाती करतो आमी. वर्सभर देवापुढं जयते तो."

"मग इथं कशाला आणला?"

"अरे, येवढ्या दुरून आला तो मानूस. समुद्रातून. त्याले काय ढिगातला देऊ? माया घरी देन्यासारखं येवढंच होतं." त्या जराशा ओशाळल्या. "वास येते का जास्त?"

मी हे शब्दशः इंग्रजीत सांगितलं. हायाशींनी विचारलं, "म्हणजे हा नमुना नव्हता?"

"नाही. तुम्हाला भेट होती."

ते उठले. टोपलीपाशी गेले आणि विस्कटलेलं फडकं त्यांनी दोन्ही हातांनी सारखं केलं. तानुकाकूंपुढे ते कमरेत इतके वाकले की काकू दचकून मागे सरल्या.

"अगं माय! याले काय झालं?"

"माफी मागते तो."

"माफी? त्याले म्हना, बस बापा खाली. चक्कर येईन."

तरी हायाशींनी डबे सोडले नाहीत. नमस्कार वेगळा आणि वजन वेगळं. तिसऱ्या तोलाला ते माझ्या खांद्यावरून बघत होते. ढिगांतली रुई एकशे अठ्ठ्याहत्तर गुंजा भरली. चौदा गुंजा पाणी, सात टक्क्यांच्या जरा वर. कोरड्या हवेतल्या चांगल्या कापसात असतं तेवढंच. टोपलीतली एकशे साठ भरली. मी दोन्ही आकडे मोठ्याने वाचले आणि मग परत एकदा वाचले.

हायाशींनी मखमलीची पाटी पुन्हा काढली. ढिगांतले धागे तिच्यावर पसरून मोजले, एकदा, दोनदा, आणि लांबी वहीत लिहिली. मग वही माझ्याकडे फिरवली.

"अकरा नावं लिहा," ते म्हणाले. "अडत्याचं नको. ज्यांनी पेरला त्यांची. यंदाचा सगळा कापूस मी घेतो, आणि पुढच्या वर्षी किती पेराल ते मला मे महिन्याच्या आत कळवा. एक अट आहे. सरकी काढताना आणि गाठी बांधताना तुम्ही स्वतः उभं राहायचं."

"राहीन," मी म्हणालो. मी पहिलं नाव तानुबाईंचं लिहिलं.

वामनकाकांना सांगितलं तेव्हा त्यांनी मला पाठीत असा रट्टा मारला की दुसरं नाव तिरकं गेलं. "म्हंजे जमलं? जमलं ना बे?"

"हाव काका, जमलं."

"आन तोंड काऊन असं करून राह्यला मंग, मयतीले आल्यावानी?"

मला हसू आलं, आणि आलं ते थांबेना. तानुकाकूंनी चुलीवरचा तवा रिकामा केला, वाळू अंगणात टाकली, तवा घासला आणि तिथेच भाकरी थापायला बसल्या. हायाशींनी पहिला घास ठेच्याशी खाल्ला. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, तरी त्यांनी दुसरा घास घेतला.

"खाते, खाते," वामनकाका म्हणाले. "वाढ त्याले."