फेझच्या दारावरची धाकटी कडी

थांबा, थोरलीला हात लावू नका. ती परक्यांसाठी आहे. बोलतेय ती मी, तिच्याखाली हातभर अंतरावर लोंबणारी धाकटी.

मोरोक्कोतल्या फेझ शहराच्या जुन्या वस्तीत, समोरून खेचर आलं तर माणसानं भिंतीला चिकटून उभं राहावं एवढ्या गल्लीत, एका देवदारी दारावर आम्ही दोघी असतो. तांबटांच्या चौकात एकाच पितळेतून घडलो, पण तिचा आवाज भारदस्त आणि माझा किणकिणता. आमच्या गावात घराचा सगळा रिवाज या दोन आवाजांवर चालतो. थोरली वाजली की कुणी परका आला. बायका डोकं झाकतात, मग दार उघडतं. मी वाजले की घरचं माणूस. जी जशी असेल तशी धावत येते.

काय दिवस होते ते! घरधनी सी मफद्दल चामड्याच्या चपला शिवायचे. दुपारी घरी आले की मला दोनदाच, हलकेच वाजवायचे. त्यांची बायको लल्ला झोर पिठाच्या हातांनी दार उघडायची आणि आधी उशीर झाल्याबद्दल बोलून घ्यायची. त्यांचा एकुलता एक तौफीक भट्टीतून भाजलेल्या रोट्यांची फळी डोक्यावर घेऊन यायचा. दोन्ही हात वर अडकलेले, म्हणून बिचारा मला गुडघ्यानं ढकलायचा. दिवसातून वीसदा वाजायचे मी. तेव्हा कंटाळायचे, आता त्याचीच आठवण येते.

सी मफद्दल गेले आणि दोन वर्षांत माय-लेकांचं बिनसलं. तौफीकला घरात प्रवाशांसाठी खोल्या काढायच्या होत्या.

"माझ्या नवऱ्याच्या बिछान्यावर कोण कुठले लोक लोळणार?" लल्ला झोर कडाडली.

"मग बस भिंती राखत!" म्हणून तो बायकोला घेऊन फेझच्याच नव्या भागात राहायला गेला.

पंधरा दिवसांनी कपडे न्यायला आला आणि त्यानं चक्क थोरली वाजवली. आईच्या दारात, परक्यासारखी! लल्ला झोरनं डोक्याला रुमाल बांधला, दार उघडलं आणि थंडपणे विचारलं, "काय काम आहे?" त्या दिवशी मला वाटलं, पितळेलाही रडता आलं असतं तर बरं झालं असतं.

त्यानंतर सहा वर्षं मला कुणी वाजवलं नाही. लल्ला झोरकडे तर किल्ली होती.

दरम्यान तौफीक वाटाड्या झाला. निळ्या वेशीपासून चामडं कमावायच्या हौदांपर्यंत प्रवाशांना पायी शहर दाखवायचा. वाट आमच्याच गल्लीतून. शुक्रवार सोडून रोज सकाळी दहाला त्याचा घोळका आमच्यासमोर थांबायचा. "मंडळी, ही मोठी कडी परक्यांची, ही छोटी घरच्यांची," तो फ्रेंचमध्ये सांगायचा. बोट माझ्यापर्यंत आणायचा, पण टेकवायचा नाही. आणि वर, लाकडी जाळीआड, लल्ला झोर भाजी निवडत ते सगळं ऐकायची. फ्रेंच ती शाळेतच शिकली होती. दहा वाजायच्या आत तिथं स्टूल मांडून बसायची, पण कधी खोकलीसुद्धा नाही. दोघंही हट्टी. एकाला झाकावा आणि दुसऱ्याला काढावा!

गेल्या वसंतात तो एकदा शुक्रवारी आला. लल्ला झोरला कुठली कल्पना? ती आत जेवणासाठी रव्याचं कुसकुस वाफवत होती.

लाल टोपीवाल्या एका बाईनं विचारलं, "इथं कोण राहतं?"

तौफीक म्हणाला, "कुणी नाही. रिकामंच आहे."

रिकामंच आहे म्हटल्यावर त्या बाईला काय धास्ती? तिनं मला उचललं आणि दोनदा वाजवलं.

आत डाव पडल्याचा आवाज झाला. "आले रे, आले!" करत लल्ला झोर धावली. दार उघडलं. उघडं पांढरं डोकं, कोपरापर्यंत चढवलेल्या बाह्या, हाताला रवा. समोर चौदा परके.

"पण तुम्ही तर रिकामं म्हणालात!" टोपीवाली बोलून गेली.

तौफीकनं झटकन आपला झगा दोन्ही हातांनी पसरला, आईला लोकांच्या नजरेआड केलं आणि तसाच तिला मागे सारत उंबऱ्याच्या आत गेला. दार लागलं. मी दारावरच, त्यामुळे सगळं ऐकलं.

"रिकामं काय रे? मी मेले?"

"यम्मा, तोंडातून गेलं..."

"सहा वर्षं वरून ऐकतेय तुझ्या थापा! दार म्हणे तीनशे वर्षांचं. माझ्या लग्नात तुझ्या आजोबांनी बसवलंय ते!"

"लोकांना जुनं आवडतं, यम्मा." मग त्यानं पडलेला डाव उचलल्याचा आवाज आला. "जेवायला थांबू?"

"तू आलास कुठं अजून? वाजवली त्या टोपीवालीनं."

"बाहेर चौदा माणसं उभी आहेत गं."

"उभी राहू देत. जा, बाहेर जा आणि नीट ये."

तो बाहेर आला. कुणाला काही सांगितलं नाही. मला हातात घेतलं. तळवा घामानं ओला होता. वाजवलं.

दारामागे उभी असूनही तिनं विचारलं, "कोण?"

आमच्याकडे घरचा माणूस नाव सांगत नाही, नुसतं 'जवळचा' म्हणतो.

"कोण म्हणते मी?"

"जवळचा, यम्मा. जवळचा."

दार माणूसभर उघडलं आणि एका हातानं त्याला गळपट्टी धरून आत ओढलं. चौदा जणांना हौदांपर्यंत शेजारच्या खेचरवाल्यानं पोचवलं. वाटेत त्यानं काय इतिहास सांगितला असेल तो असो.

आता तौफीक दर शुक्रवारी बायकोला घेऊन येतो. घरात खोल्या निघाल्या नाहीत, त्यावरून अजून वाद होतात, पण ते जेवता जेवता. मी मात्र झिजलेय. खिळा सैल झालाय, आवाज बसलाय. लल्ला झोरलाही कमी ऐकू येतं. परवा तौफीक म्हणाला, तांबटाकडून नवी, खणखणीत कडी आणू.

तांबटदादा, तेवढं करू नका. खिळा ठोका, पण मला राहू द्या. नवी कितीही मोठ्यानं वाजली तरी लल्ला झोर आधी रुमाल शोधत बसेल.