कोल्हीच्या बिळातलं पाकीट

मी एक पत्र्याचा डबा बोलतोय. हसू नका! जन्म लष्करी कारखान्यातला, पोटात बंदुकीच्या गोळ्या घेऊन फिरलोय मी. झाकणाला रबराची कड आहे. पाण्याच्या थेंबाची आत शिरायची टाप नाही.

पुढे मी भंगारात निघालो आणि अमेरिकेतल्या उत्तर डाकोटाच्या इंगाबाईनं मला उचललं. वही, पेन्सिल आणि चार खेळणी माझ्यात भरून, नवऱ्याच्या, म्हणजे ऑर्व्हिलच्या मदतीनं तिनं मला या माळावर कुंपणाच्या कोपऱ्यात, दगडांच्या ढिगात लपवलं. त्यांचा खेळच तो. फोनवर जागेचे आकडे बघत लोक मला शोधायचे, वहीत सही करायचे, एक वस्तू न्यायचे, एक ठेवायचे आणि सगळ्यांना दिसेल असं 'सापडला' म्हणून फोनवर लिहायचे. नऊ वर्षं मजेत गेली.

गेल्या वसंतात इंगाबाई एकटीच आली. डोक्याला रुमाल, धाप लागलेली. माझ्या तळाशी तिनं एक बंद पाकीट ठेवलं, वर ऑर्व्हिलचं नाव.

"सांभाळ रे बाबा," ती मला म्हणाली. "तोंडावर बोलायला जमत नाही मला. मी गेल्यावर त्याला इथं यावं लागेल, म्हणजे घरात कुढत तरी बसणार नाही."

ती परत आली नाही. उन्हाळ्यात एका कोल्हीनं ढिगाखाली बीळ उकरलं आणि मी हातभर खोल घसरलो.

सप्टेंबरात ट्रेव्हर आणि डार्ला हे जोडपं आलं. कमरेएवढं गवत, भणाणता वारा.

"म्हाताऱ्यानं या डब्याच्या पानावर लिहिलंय, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, बायकोचं पाकीट कोणीतरी आणून द्या," डार्ला म्हणाली. "अजून थोडं बघू या ना."

"तासभर झाला! डबा चोरीला गेलाय. आपला ठेवू आणि सापडला म्हणून लिहू. आज माझा पाचशेवा डबा आहे, तो मी सोडणार नाही."

"आणि पाकीट?"

"लिही, जुना डबा फुटला होता म्हणून बदलला. पाकीट नव्हतं."

"हे बरं नाही हं, ट्रेव्हर."

पण लिहिलं तिनंच. लोण्याची प्लास्टिकची डबी दगडांत खोचून दोघं निघून गेली. मेल्यांनो, अजून एक दगड हलवला असतात तर!

पहिल्या बर्फाआधी ऑर्व्हिल आला, दोन काठ्यांवर. त्यानं ती डबी उघडली, उलटी केली, आतून बोटांनी चाचपली. मग दगडावर बसला, बरोबर माझ्या डोक्यावर.

"काही ठेवलंच नव्हतं, तर जाताना मला कशाला सांगितलंस गं इंगा?" इतकंच म्हणाला. मला ओरडावंसं वाटलं. पण डब्याला कुठला आवाज?

मग फोन काढून, एकेक शब्द पुटपुटत त्यानं लिहिलं, "हा डबा बंद केला आहे. आता इथं कोणी येऊ नका."

तेव्हापासून खरंच कोणी येत नाही. वर बर्फ साचलाय. पाकीट मात्र अगदी कोरडं आहे.

तुम्ही हे ऐकलंत ना? मग या, त्या बिळात खांद्यापर्यंत हात घाला. आणि जरा घाई करा. मी काय, अजून पन्नास वर्षं टिकेन. ऑर्व्हिल ऐंशीचा आहे.