कोणतीही आपत्ती नाही

‘भिलाईतील चारशे बारा बेरोजगार आज स्वतःच्या व्यवसायाचे मालक झाले आहेत.’ आत्मबल उद्यम केंद्राच्या हिंदी पुस्तिकेतील पहिल्या वाक्याचा मराठीत अर्थ एवढा होतो. व्याकरणाच्या दृष्टीने वाक्य निर्दोष आहे. कर्ता अनेकवचनी, काळ पूर्ण. आणि ‘होणे’ हे क्रियापद अकर्मक असल्यामुळे कोणी नेमके काय केले, हे सांगण्याची जबाबदारी त्याच्यावर येत नाही. आकड्यालाही पुरावा आहे: पुढील पानांवर चारशे बारा क्रमांक, तितकीच नावे आणि तितकीच हसरी छायाचित्रे. त्यांतील एकशे ऐंशी ते दोनशे शहात्तर हे क्रमांक शिवणकामाचे. सत्त्याण्णव स्त्रिया, प्रत्येकीपुढे एक शिलाई मशीन.

पुस्तिका छापणाऱ्यांच्या नजरेतून जे सुटले, ते कॅम्प-१ या कामगार वस्तीत राहणाऱ्या सिंधुताईंच्या नजरेतून सुटले नाही. दोनशे सोळापर्यंतच्या मशिनी कोऱ्या होत्या. दोनशे सतरापासून पुढे प्रत्येक मशीनच्या मानेवर कुंकवाचे एक बोट उमटलेले होते. वरून खाली येताना डावीकडे घसरलेले. ते बोट सिंधुताईंचे होते.

दोनशे सतरा म्हणजे त्यांची लेक वंदना. सहा वर्षे तिने प्लांटमधील, म्हणजे भिलाईच्या पोलाद कारखान्यातील, एका ठेकेदाराच्या स्टोअरमध्ये मजुरांना हातमोजे आणि हेल्मेटे वाटली. ठेकेदार बदलला, गेटपास संपला, वंदना घरी बसली. पण सहा वर्षांत तिने एक गोष्ट टिपून ठेवली होती. मोजे नेहमी अंगठ्याच्या मुळाशीच फाटतात. तिथे दुहेरी शिवण घातली तर तोच मोजा दुप्पट टिकेल. असे मोजे घरी शिवून कुम्हारीच्या लहान कारखान्यांना विकायचे, एवढा साधा तिचा विचार. त्यासाठी जाड कापड ओढणारी मशीन हवी होती, आणि मशीन देऊ म्हणणारे केंद्र पॉवर हाऊसच्या चौकात होते.

प्रशिक्षण एकवीस दिवसांचे. त्यांपैकी एकोणीस दिवस आरशासमोर उभे राहून ‘मैं मालिक हूँ’ म्हणण्यात गेले. विसाव्या दिवशी मशीन दाखवण्यात आली. एकविसाव्या दिवशी समारंभ झाला.

सिंधुताई पदरात कुंकवाची पुडी बांधून गेल्या होत्या. नवरा हयात असताना दसऱ्याला तो आपला पाना आणि हातोडी पाटावर मांडायचा. घरात येणाऱ्या लोखंडाला कुंकू लावल्याशिवाय हात घालायचा नसतो, हे त्यांना त्या घराने शिकवले होते. वंदना मशीनपुढे बसली, तशा त्या पुढे सरसावल्या आणि बोट टेकवले. मानेवर तेल होते, म्हणून ते घसरले.

“माताजी, हटिए, फ्रेम में आ रही हैं,” फोटोवाला म्हणाला.

पाचेक मिनिटांत वंदनाला उठवले गेले आणि तिच्या जागी दुसरी बसली. मशीन घरपोच येईल, असे सांगण्यात आले.

त्यानंतर महिनाभराने, वंदना बोरसीला एका ओळखीच्या बाईकडे काम विचारायला गेली असताना, घरी फोन आला. पलीकडे एक गोड आवाजाची मुलगी होती. “आत्मबल केंद्र से बोल रही हूँ. वंदना जी के प्रकरण में आपको कोई आपत्ति तो नहीं है?”

सिंधुताई तुमसरजवळच्या खेड्यात मराठी चौथी शिकलेल्या. चाळीस वर्षांत भाजीबाजाराची हिंदी त्यांच्या जिभेवर बसली होती; कचेरीची हिंदी उंबरठ्याबाहेरच राहिली. आपत्ती! नवरा गेला, लेकीचे काम गेले, पावसाळ्यात मागची भिंत बसली. पण अनोळखी पोरीपुढे आपली आपत्ती काय उगाळायची? माणसाने आपली लाज राखावी. त्या ताठ बसून म्हणाल्या, “नहीं बेटा, कोई आपत्ति नहीं. भगवान की दया है.” त्या दिवशी संध्याकाळी वंदनाला त्यांनी हे सांगितलेही नाही. सांगण्यासारखे काय होते त्यात?

मग एकदम कामाची वाट उघडली. नव्या ठेकेदाराला त्याच स्टोअरसाठी बाई हवी होती, आणि अनुभवामुळे वंदनाचे नाव त्याला ठाऊक होते. अट एकच: नाव बेरोजगारांच्या यादीत हवे, आणि त्याचा कागद शुक्रवारी पाचपर्यंत. शुक्रवारी दुपारी रोजगार कार्यालयात नोंदणीच्या खिडकीवरच्या माणसाने संगणकात पाहिले आणि हसून ही पुस्तिका पुढे सरकवली. “मैडम, आप तो मालिक हैं. सूची से नाम कट गया. केंद्र से लिखवाकर लाइए कि धंधा बंद हो गया, तो फिर जोड़ देंगे.”

बाहेरच्या बाकावर बसून सिंधुताईंनी पाने उलटली. दोनशे सतरा. दोनशे अठरा. दोनशे एकोणीस. “वंदे,” त्या म्हणाल्या, “हे पाय. हे तं माह्यं कुंकू हाय.”

साडेतीनला दोघी केंद्रात पोचल्या. केंद्रप्रमुख धनंजय सेक्टरमध्ये, म्हणजे प्लांटच्या वसाहतीत, वाढलेला, प्लांटमधील मराठी अधिकाऱ्याचा मुलगा. त्याने “या काकू, बसा,” म्हटल्यावर सिंधुताईंच्या जिवात जीव आला. आपल्यातला आहे, ऐकेल.

“दाखला ना? देतो की, ताई,” तो वंदनाला म्हणाला. “एक पाहणी करावी लागते, बस. दुकान दाखवा, बंद आहे असा शेरा मारतो.”

“दुकानच नाही ना, सर.”

“मग बंद काय पडलं?”

“सुरूच कुठं झालं? मशीनच नाही आली!”

“तोच तर प्रॉब्लेम आहे. सुरू झालेलं बंद करायचा कॉलम आहे. सुरूच नाही झालं, त्याला कॉलम नाही.”

“मतलब मी मालकीण बी नाही अन् बेरोजगार बी नाही?”

“कागदावर मालकीण आहात. वाईट आहे का?” तो हसला. “लोक तरसतात, ताई.”

सिंधुताईंनी पुस्तिका टेबलावर उघडली आणि त्या कुंकवावर बोट ठेवत गेल्या. “साहेब, हे माह्या हातचं हाय. या बाईच्या मशीनवर कावून? हिच्या? हिच्या बी? मी काय साठ घरी कुंकू लावत फिरली का, बाप्पा?”

धनंजयने पाने पाहिली. त्याचा चेहरा बदलला नाही. त्याने फक्त संगणकात एक नोंद शोधली आणि आवाज वाढवला. “काकू, आम्ही फोन करून विचारतो. काही सांगायचं असेल तर सात दिवस देतो. हे ऐका.”

खोलीत सिंधुताईंचाच आवाज भरला. नहीं बेटा, कोई आपत्ति नहीं. भगवान की दया है.

वंदनाने डोळे मिटले. सिंधुताई तिच्याकडे वळल्या.

“मंग? खोटं काय बोलली मी? आपली आपत्ती लोकाइले कायले सांगा?”

“माय,” वंदना अगदी हळू म्हणाली, “हिंदीत आपत्ती मतलब हरकत. मशीन नाही भेटली, अशी तक्रार हाय का, ते विचारून राहिली होती ती.”

सिंधुताईंना आधी समजले नाही. समजले तेव्हा त्यांनी पदराच्या गाठीशी हात नेला. ज्या जागी त्या दिवशी कुंकवाची पुडी होती, तिथे. “म्हंजे मीच...” एवढेच त्या म्हणाल्या. लेकीने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. तिने रागावून तो काढून घेतला असता, तर सिंधुताईंना सोपे गेले असते.

भिंतीवरच्या घड्याळात सव्वाचार झाले होते. नोंदणीची खिडकी पाचला बंद होणार होती.

“साहेब,” सिंधुताई म्हणाल्या, “माही चूक लिहा. म्हातारीले हिंदी नाही समजली, असं लिहा. पण पोरीचं नाव परत टाका. मी पाया पडतो तुमच्या.”

धनंजय उठला, दार लोटून आला. हा माणूस घाबरला, असे वंदनाला क्षणभर वाटले. तसे नव्हते. त्या केंद्राच्या नोंदी हिंदीत होत, पुस्तिका हिंदीत निघे, आपत्ती हिंदीत घेतली किंवा नाकारली जाई. मराठी ही तिथे घरची भाषा. तिच्यात बोललेल्या शब्दाचे तिथे दफ्तर नव्हते. हे त्याला पुरते ठाऊक होते, म्हणूनच तो निर्धास्तपणे, जवळजवळ मायेने बोलला. त्याचे शब्द जसेच्या तसे असे:

“काकू, तुमच्यापाशी खोटं कशाला बोलू? मशीन एकच होती, तीही माझ्या सासूबाईंची. लोकांना धंद्याला लावायचं काम आम्हाला कोणी दिलंच नव्हतं. बेरोजगारांची यादी रिकामी करायची, एवढंच काम होतं. वंदनाताईंचं नाव परत टाकलं तर माझे चारशे अकरा होतात, आणि उद्या बाकीच्याही येऊन बसतात. तुमचं कुंकू मला त्याच दिवशी दिसलं होतं. मुद्दामच पुसलं नाही. फोटोत बरं दिसत होतं.”